'हुजरे' बिचारे पगारी होते

'नेत्यांचे हुजरे' हा अग्रलेख (मंगळवार) वाचला. नेत्यांच्या पुढेपुढे करणाऱ्या अनुयायांवरची त्यातली टीका रास्त आहे, पण शीर्षकातल्या शब्दावर थोडा अन्याय झाला आहे. अरबी 'हुजूर' म्हणजे समक्षता. 'हजर' आणि 'हजेरी' हे शब्दही त्याच धातूचे. धन्याच्या समोर सेवेला उभा राहणारा तो हुजऱ्या. पेशव्यांच्या थेट दिमतीतल्या फौजेला 'हुजरात' म्हणत. पानिपतावर १७६१ मध्ये ती सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्यासोबत सैन्याच्या मध्यभागी होती. पुण्यातली हुजूरपागा ही मुलींची शाळा तर आजही सर्वांना ठाऊक आहे. (तिथे शिकलेल्यांना कोणी हुजरे म्हणून पाहावे!) थोडक्यात, हुजरेगिरी ही मुळात नोकरी होती. ठरलेले काम आणि त्याचा ठरलेला मोबदला. आजचे अनुयायी बिनपगारी आहेत, शिवाय धनी बदलला की निष्ठाही बदलतात. त्यांच्यासाठी मराठीत 'होयबा' आहे, 'खुशमस्करे' आहे आणि अगदीच राग आला तर 'लाळघोटे'ही आहे. अग्रलेखाच्या शीर्षकात शेवटचा शब्दही चालला असता.

– एक वाचक, पुणे