बांबूला कीड लागते, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांबूला ‘हिरवं पोलाद’ ठरवणारा, तो काही महिन्यांत तयार होतो आणि त्याने बांधलं की कार्बन वाचतो असं सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अशासाठी, की बोरॅक्स (बांबूला कीड लागू नये म्हणून वापरतात तो क्षार) हा शब्द नजरेतून सुटला असेल असं वाटलं. सुटला नव्हता. तो लेखात नव्हताच.

चार वर्षांपूर्वी अशाच एका लेखाच्या नादी लागून मी गच्चीवर बांबूची खोली बांधून घेतली. ‘माल ट्रीटमेंट केलेला आहे,’ असं ठेकेदाराने छातीठोकपणे सांगितलं. ट्रीटमेंट म्हणजे वरून फासलेलं व्हार्निश! तिसऱ्या महिन्यात एका सकाळी टेबलावर पिवळसर पीठ दिसलं. पुसलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्री दिवा मालवला की वरून करकर ऐकू यायची. भुंगेऱ्यांना हवा असतो बांबूतला स्टार्च, आणि व्हार्निश गुळगुळीत सालीच्या आत उतरतच नाही, ही अक्कल मला नंतर आली. पेरांमधले पडदे सळईने आरपार फोडून बांबू आठवडा-दोन आठवडे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. तेही पावसाने धुऊन जातं, म्हणून वर चांगलं हातभर बाहेर आलेलं छप्पर हवं. तुमच्या फोटोत मात्र खांब थेट मातीत रोवलेले! कच्चा बांबू असा रोवला तर १ ते ३ वर्षांत कुजतो.

माझी खोली तिसऱ्या पावसाळ्यात उतरवली. त्यात किती कार्बन वाचला, याचा हिशेब लेखकमहाशयांनी मांडावा.

‘काही महिन्यांत तयार’ हेही अर्धंच. बांबू एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, कबूल. पण बांधकामाला लागणारा टणकपणा यायला ३ ते ५ वर्षं जातात. कोवळाच तोडला तर वाळताना आकसतो, चिरतो.

माझं बांबूशी वैर नाही. कोलंबियाचे वास्तुकार सिमोन व्हेलेस यांच्या, जर्मनीतल्या २००० सालच्या हनोव्हर जागतिक प्रदर्शनातल्या बांबूच्या मंडपाचं लेखात कौतुक आहे, ते रास्तच. पण तिथे सांध्याजवळच्या पेरांत सिमेंटचा मसाला भरून बोल्ट बसवले होते, आणि जर्मन अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून आधी कोलंबियात तसाच मंडप उभारून तपासला होता. आमच्या ठेकेदाराने सरळ खिळे ठोकले. पहिल्याच खिळ्याला बांबू उभा चिरला.

जाता जाता, विषय हिरवा म्हणून गडद हिरव्या पानावर बारीक पांढरी अक्षरं छापायची कल्पना कोणाची?

आपला,
(भिंग घेऊन बसलेला) एक वाचक