नाडी कमी म्हणजे काळीज दुबळं नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पानावर ‘नाडी ६०च्या खाली गेली की हृदयरोग समजावा’ असं सरसकट छापलंय. आमच्याकडे घरटी एक पोरगं भरतीची तयारी करतंय. त्यांच्या आईबापांना या एका वाक्याने किती घोर लागला असेल!

माझ्या धाकट्याचंच सांगतो. पायात खिळा घुसला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला एका दवाखान्यात नेलं. नाडी ४८ भरली. ‘हृदय कमजोर आहे, पळणं बंद,’ एवढं सांगून मोकळे झाले. ईसीजी नाही, पोरगं पळतं का हेही विचारलं नाही. त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरेना, आणि भरतीच्या ऐन ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या तोंडावर पोरगं घरी बसलं. पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘रोज किती पळतोस?’ ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं चांगलं निघालं. पण तोवर दम गेला होता. १६०० मीटरला मागे पडला. त्याचं वर्ष कोण भरून देणार?

हृदयाची स्वतःची लय मिनिटाला शंभराच्या आसपास असते. हृदय प्रत्यारोपणात मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटतात, म्हणून त्या रुग्णांची नाडी निवांत बसूनही नव्वद-शंभरच्या घरात राहते. आपली सत्तरावर येते ती मेंदूतून उतरणाऱ्या व्हेगस नसेच्या लगामामुळे. ही नस रसायन सोडून ठोके मंदावते, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं. रोज लांब पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, त्यामुळे बसल्या जागी त्याला ४०-५० ठोके पुरतात. पळायला लागलं की आधी हा लगाम सुटतो, मग ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा जोर लावतात. नाडी जेवढी खालून सुरू होते, तेवढी चढायला जागा जास्त. दम म्हणतात तो बराचसा एका ठोक्यात जास्त रक्त फेकण्याच्या ताकदीत असतो.

चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे. न पळणाऱ्याची नाडी मंदावली तरी दाखवावं. हा फरक दोन ओळींत छापता आला असता. आता तरी त्याच पानावर छापा.

आणि पोरांच्या जिवाची काळजी असेल तर तालुक्याच्या मैदानाचंही लिहा. पहाटे फाटकाला कुलूप असतं, म्हणून ही लेकरं अंधारात हमरस्त्यावर पळतात. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात, मागे साधा लाल दिवाही नसतो.

आपला,
एक पालक, जि. परभणी