ते पुस्तक माझ्याकडेच होतं

प्रिय कॅप्टन,

आधी कबुली देते. उरुग्वेच्या लेखकाचं, गालेआनोचं, ते फुटबॉलवरचं पुस्तक माझ्याकडेच होतं. परवा आईची ट्रंक उपसायला काढली, तर तिच्या शालींच्या खाली निघालं. तू परत दिलं होतंस आणि मी इतकी वर्षं चारचौघांत तुला ‘पुस्तकबुडवी’ म्हणत आले. तुझ्या लग्नातसुद्धा नवरदेवाला बजावलं होतं, हिला पुस्तक उसनं देऊ नका म्हणून. सगळे हसले होते. तू हसली नव्हतीस, ते आता आठवतंय.

सहा महिने मी तुला फोन केला नाही, तुझे दोन आले ते उचलले नाहीत. त्याबद्दलही लिहीन, पण आधी ते पान.

ब्राझीलच्या गोलकीपरचं, बार्बोसाचं पान. समासात पेन्सिलीनं तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर: ‘गोली, त्या दिवशी मी ओरडायला नको होतं.’ मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं गं! रागात होते, आईनं घेतलं असेल आणि ठेवून दिलं असेल. मी आपली समजत होते, की उंच्यानं दोघींना एका बाकावर बसवलं आणि अकरा दिवसांचा अबोला तिथंच मिटला. तू मात्र माफी मागून बसली होतीस. मी काहीतरी म्हणेन म्हणून वाट बघितलीस का?

ते पान ट्रंकेशेजारी जमिनीवर बसूनच वाचलं. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपचा निर्णायक सामना, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती आणि स्कोअर १-१. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजवीकडून सुटला. उरुग्वेचा पहिला गोल त्यानं तिथूनच मध्ये चेंडू देऊन करवला होता. त्यामुळे बार्बोसा क्रॉस येणार या हिशेबानं किंचित सरकला, आणि चेंडू त्याच्या आणि जवळच्या पोस्टच्या मधून आत गेला. आपल्या फायनलचा गोल आठव. तसाच, जवळच्या पोस्टकडून. तू ओरडलीस, ‘जागची हलली का नाहीस?’ मी हललेच होते, फक्त चुकीच्या बाजूला. आधी जे झालं त्यावरून पुढचं ओळखायला जातो आपण, आणि तिथंच फसतो. बार्बोसा २००० साली गेला. पन्नास वर्षं लोकांनी त्याला तो एक गोल विसरू दिला नाही. गालेआनो तर उरुग्वेचा, जिंकलेल्यांतला, आणि हरलेल्या गोलीबद्दल किती मायेनं लिहितो. त्यांचा कॅप्टन वारेला ती रात्र रिओच्या बारमध्ये हरलेल्यांच्याच गळ्यात हात टाकून बसला होता, तेही त्यात आहे. तू त्याच्याही खाली रेघ मारली आहेस. तेव्हा तरी म्हणायचंस!

आता खरं सांगते. गेल्या प्रयोगाला मी स्टेजवर ब्लँक झाले.

दुसरा अंक, माझा एकटीचा प्रवेश. मुलाचं पत्र येतं, मी ते उघडते आणि मोठ्यानं वाचते. हातातला तो कागद कोरा असतो, चार घड्या घातलेला. घड्यांवर मळला आहे, एका कोपऱ्याला रंगभूषेचा तांबडा डाग आहे. पाठांतर पक्कं असल्यामुळे त्यावर काही लिहायची कधी गरजच पडली नव्हती. त्या रात्री मी कागद उघडला आणि आत काहीच नव्हतं. डोक्यातही नाही. शब्द चुकला असता तर सावरला असता, पण नाटक कुठलं, मी कोण, हा मुलगा कोण, हेच पुसलं गेलं. समोर अंधार, वर तो पिवळा लाइट. विंगेतून पोरगा कुजबुजत होता, ते मला पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग अंगठा त्या डागावर गेला आणि पहिलं वाक्य आपसूक आलं.

आणि प्रयोगानंतर ऐक! सगळे म्हणाले, काय पॉज घेतलास! दिग्दर्शक म्हणाला, हा असाच ठेव, बसवून टाकू. एका प्रेक्षक बाईंनी डोळे पुसत माझा हात धरला. मी मान हलवत राहिले. तेव्हापासून कुणाजवळ बोलले नाही.

तुलाच का सांगते, ते तुला कळेल. पेनल्टीच्या आधीची ती शांतता तू माझ्यासमोर, बॉक्सच्या रेषेबाहेर उभी राहून ऐकली आहेस. चेंडू कुठे येणार ते माहीत नसतं, पण आपण कोण आहोत, कुठे उभ्या आहोत, ते तरी माहीत असतं. त्या रात्री तेवढंही नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासण्या नॉर्मल, बीपीची अर्धी गोळी सुरू केली आहे, झोप घ्या म्हणाले. ते असो. आईचं कसं सुरू झालं होतं, तू बघितलं आहेस. आधी आडनावं गेली, मग गॅस बंद केला की नाही, मग एक दिवस दारात तू उभी आणि तिनं विचारलं, आपण कोण? तू म्हणालीस, ‘कॅप्टन’. तिनं तुला आत घेतलं आणि ‘या कॅप्टनसाहेब’ म्हणाली. किती हसलो होतो आपण. नंतर मोरीत जाऊन मी रडले, ते तुला कळलं होतं, आणि तू नळ मोठा सोडून ठेवलास.

या महिन्यात नाटक आणि फुटबॉल यांच्याशिवाय दुसरं काही वाचवत नाही. त्याच पुस्तकात फ्रेंच लेखक काम्यूबद्दल आहे. लहानपणी गोलमध्ये उभा राहायचा, कारण त्या जागेवर बूट कमी झिजतात आणि घरी आजी तळवे तपासायची. १९३० मध्ये, सतराव्या वर्षी क्षय झाला आणि मैदान कायमचं सुटलं. मग त्यानं काय केलं? नाटक मंडळी काढली. १९३७च्या त्याच्या मंडळीच्या नावातच ‘टीम’ हा शब्द आहे. मला हे वाचून इतकं भरून आलं! ज्याच्याकडून टीम काढून घेतली, त्यानं स्टेजवर टीम उभी केली. १९५७ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत तो पॅरिसमध्ये मॅच बघत बसला होता. गोलीच्या चुकीबद्दल विचारलं तर म्हणाला, त्याला दोष देऊ नका, तिथं उभं राहिल्यावरच कळतं किती अवघड आहे ते. साहित्यिक म्हणून तू मला त्याला वाचायला लावलंस, पण माझा तो झाला तो या एका वाक्यानं.

आणि तो रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की. २९ ऑक्टोबर १९२८, मॉस्को आर्ट थिएटरला तीस वर्षं झाली म्हणून समारंभ, चेखॉव्हच्या ‘तीन बहिणी’चा पहिला अंक. काम करता करता हृदयविकाराचा झटका आला. पडदा पडेपर्यंत तो उभा राहिला, मग कोसळला. त्यानंतर पुन्हा अभिनय केला नाही. शिकवत राहिला, लिहीत राहिला. अभिनयावरचं ते पुस्तक, ज्याची झेरॉक्स आपण सरांकडून ढापली होती, ते इंग्रजीत १९३६ साली आलं, म्हणजे त्या रात्रीनंतर आठ वर्षांनी. त्या रात्रीच्या प्रेक्षकांना काय दिसलं असेल, हाच विचार मी करत राहते. त्यांना नट दिसला, बाकी काही नाही. माझ्या त्या बाईंना पॉज दिसला तसा.

तू म्हणशील, पुस्तकं वाचून काय होतं, दिग्दर्शकाला सांग. सांगणार आहे, सोमवारी. भूमिका काढून घेतील का, याची भीती आहे, आणि काढून घेतली नाही तर त्याहून जास्त. पण लोकांना तो पॉज आवडला म्हणून दर प्रयोगाला मी खोटी खोटी हरवू? ते मला जमणार नाही.

तुझ्या नोकरीचं वहिनींकडून कळलं. तू लिहिलं नाहीस, बरोबरच आहे, फोन न उचलणाऱ्याला काय लिहायचं. घाबरू नकोस. लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर कान-नाक-घशाची डॉक्टरी सोडली आणि नाटकात उडी घेतली, मग ‘नटसम्राट’ झालं. ‘लमाण’ परत वाच, तुझ्याकडे आहे. (नक्की तुझ्याकडेच आहे, मी ट्रंक पूर्ण बघितली.) गुडघा कसा आहे? लेकीला गोड पापा. पुढच्या पत्रात सविस्तर विचारते, रागावू नकोस.

एक काम आहे. सोबत माझ्या प्रवेशातलं ते पत्र पाठवते, दीड पान आहे. ते तुझ्या अक्षरात लिहून पाठव. मोठं लिही, त्या भूमिकेत मला चष्मा नाही. पेन्सिलीनं नको, लाइटमध्ये दिसत नाही, काळ्या शाईनं लिही. चार घड्या मी घालीन. प्रयोग पुढच्या शनिवारी आहे, तेव्हा गुरुवारपर्यंत मिळेल असं टाक.

तुझी
गोली