७,२०,७२० चे अवयव पाडताना

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

७,२०,७२० या संख्येत एवढं काय आहे, असं तू विचारलंस. संख्या केवढी आहे ते नंतर, आधी तिचे मूळ अवयव पाड. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट कर: ७२० आणि ७२०. त्यांची वजाबाकी शून्य, म्हणजे १००१ ने भाग जाणार, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. गट पाडताना आपल्या स्वल्पविरामावर जाऊ नकोस. ७, २०, ७२० असे तुकडे केलेस तर ही कसोटी साफ फसते, कारण तिचा सगळा आधार १००० + १ हा आहे. उरले ७२०, म्हणजे २⁴ × ३² × ५.

एकूण: २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३. ही ओळ वहीत ठळक लिहून ठेव.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार कर: ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. तो १ विसरलीस तर उत्तर ८ येईल. एखादा अवयव मुळीच न घेणं हाही एक पर्याय असतो, म्हणून तो मिळवायचा. यादी करायची तर ८४८ पर्यंतच शोध. ८४९ चा वर्ग ७,२०,८०१, तो पुढे निघून जातो. प्रत्येक विभाजकाचा जोडीदार भागाकारातच मिळतो. अगदी मधली जोडी ८४० × ८५८. हातानं गुणून बघच.

याहून लहान कुठल्याही संख्येला २४० विभाजक नाहीत. अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध लिहिला. घातांक बघ: ४, २, १, १, १, १. कुठेही चढत नाहीत. चढले असते, तर अदलाबदल करून तेवढेच विभाजक असलेली लहान संख्या मिळाली असती. इतका नेटका युक्तिवाद क्वचित सापडतो.

ती विपुल संख्याही आहे: स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी भरते, २५,२९,०७२, म्हणजे साडेतीन पट. पूर्ण वर्ग मात्र नाही. ५००५ ने गुणलीस तर ६०,०६० चा वर्ग होईल.

गणितज्ञ कापरेकरांच्या हर्षद संख्यांतही, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांतही, ती बसते. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर ४०,०४०. पण हा गुण दशमान लेखनाचा आहे, अवयवांच्या ओळीतून तो दिसणार नाही.

आता शेजारी. १ ते १६ चा लसावि हीच संख्या; तिच्यात २ मिळवले तर २ ने, ३ मिळवले तर ३ ने, असा १६ पर्यंत भाग जातो, म्हणून ७,२०,७२२ ते ७,२०,७३६ या पंधराही संख्या संयुक्त. ७,२०,७१९ ला २ ते १६ पैकी कशानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ वाटते. पण ती निघते ३१ × २३,२४९. सोळापर्यंत तपासून थांबणं पुरत नाही ते यामुळेच.

७,२०,७२१ मूळ आहे का? १७ पासून सुरुवात कर, ८४८ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भाग, आणि काय निघालं ते कळव.

तुझी आई