अमेरिकेला जाताच आहात, तर अलाबामाही पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा जवळ आला की पर्यटन पुरवण्यांत अमेरिकेची पाने भरू लागतात. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लास व्हेगास, फार तर ऑर्लँडो. मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही हाच फेरा करून येतात. दक्षिणेतल्या अलाबामाचे नाव काढले की ‘तिकडे काय आहे बघण्यासारखे?’ असा प्रश्न तिथलीच मराठी मंडळी करतात. बघण्यासारखे पुष्कळ आहे आणि आपला त्याच्याशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र.

संबंध असा. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख स्थलांतरिताच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नव्हे, सबब त्याला नागरिकत्व नाही. १९४६ च्या कायद्याने दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरते. देशनिहाय कोट्याची ती पद्धत मोडली ऑक्टोबर १९६५ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली होती आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला होता. वंशावरून माणसांची प्रतवारी करणारे कायदे टिकेनासे झाले ते कृष्णवर्णीयांच्या या नागरी हक्क चळवळीच्या रेट्याने. त्यानंतर गेलेले आपले डॉक्टर-इंजिनिअर गुणवत्तेवरच गेले, यात वाद नाही. पण त्याआधीच्या गुणवंतांना ती वाट नव्हती.

आता प्रवासाचे. शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाहून अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरी सुमारे १६० मैल, तिथून सेल्मा ५०, सेल्माहून बर्मिंगहॅम ९० आणि परत अटलांटा दीडशे. गाडीशिवाय हा फेरा जमत नाही. मॉन्टगोमेरीची मुख्य स्थळे सध्या सोमवारी-मंगळवारी बंद असतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी धरणाऱ्यांची फजिती तिथेच होते. बुधवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परतणे सोयीचे. जून ते सप्टेंबर उकाडा भयंकर असतो आणि निम्म्याहून अधिक पाहणे उघड्यावरचे आहे, तेव्हा मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. शाकाहारींनी एक लक्षात ठेवावे. दक्षिणेतल्या पालेभाज्या आणि कडधान्यांत, म्हणजे वाल-चवळीच्या प्रकारांत, बहुधा डुकराचे मांस घालून शिजवतात. भाजी दिसली म्हणून ताट वाढून घेऊ नये, विचारावे. सेल्मात पर्याय कमीच. दशम्या बरोबर असू द्याव्यात.

मॉन्टगोमेरीत गुलामगिरीपासूनचा इतिहास सांगणारे लेगसी म्युझियम, २०१८ साली खुले झालेले जमावबळींचे राष्ट्रीय स्मारक आणि २०२४ पासूनचे शिल्प-उद्यान अशी तीन ठिकाणे एका तिकिटात आहेत. तिकीट पाच डॉलर, मधली बस फुकट. संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिन्ही एका दिवसात ‘उरकायला’ गेले की तिसऱ्यापर्यंत डोके बधिर होते. पहिल्या दुपारी संग्रहालय आणि दुसऱ्या सकाळी स्मारक, मग उद्यान, हा क्रम चांगला.

स्मारकात गंजल्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी स्तंभ आहेत, प्रत्येक सहा फुटांचा आणि एकेका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नावाचा. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची ही नोंद. सुरुवातीला स्तंभ डोळ्यांसमोर उभे असतात, नावे आणि तारखा वाचता येतात. पुढे जमीन उतरत जाते, स्तंभ मात्र तिथेच राहतात आणि बघता बघता ते डोक्यावर टांगलेले होतात. मान वर करूनच वाचावे लागते. काही ठिकाणी नावाच्या जागी ‘अज्ञात’. जाण्याआधी एक काम करावे: मुलगा किंवा मुलगी कोणत्या काउंटीत राहते ते विचारून ठेवावे, आणि घर टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडात असेल तर आवर्जून. बाहेर प्रत्येक स्तंभाची जोडप्रत आडवी ठेवलेली आहे. तिथे आपली काउंटी शोधणे सोपे जाते. ज्या काउंटीत नातवंडे शाळेत जातात तिचे नाव पोलादावर कोरलेले दिसले की हा ‘त्यांचा’ इतिहास आहे ही भावना जरा हलते.

उद्यानातल्या ४३ फूट उंच भिंतीवर सव्वा लाखाच्या आसपास आडनावे आहेत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावेच नव्हती; मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. १८७० मध्ये प्रथमच त्यांची नावानिशी नोंद झाली. भिंतीवर आहेत ती त्या नोंदीतली आडनावे. आज तिथे जाणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आपले आडनाव शोधून त्यावर बोट ठेवून उभी राहतात. मध्ये लुडबुड करू नये, फोटो तर नकोच.

याच शहरात राज्याच्या कॅपिटॉलसमोर कॉन्फेडरसीचे ‘पहिले व्हाइट हाउस’ आहे, प्रवेश मोफत. तेही जरूर पाहावे. १८६१ मध्ये गुलामीच्या बाजूने फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस इथे काही महिने राहिला. पलंग, भांडी, कौटुंबिक वस्तू असे सगळे नीट जपले आहे. तासाभराच्या अंतराने स्मारक आणि हे घर ही दोन ठिकाणे पाहिली की एकाच शहरात इतिहास किती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितला जातो ते कळते. अलाबामात नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी आजही कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ली याच्या नावाने जोडून दिली जाते!

सेल्माचा पूल चालत ओलांडावा, गाडीने नव्हे. पूल मधोमध उंच आहे, त्यामुळे गावाकडून चढताना पलीकडचे टोक दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना पोलिसांची फळी दिसली ती माथ्यावर पोचल्यावरच. हे वाचून कळत नाही, चढून कळते. पुलाला अजूनही एडमंड पेटस या कॉन्फेडरेट सेनाधिकाऱ्याचेच नाव आहे. वाटेत लाउन्डिस काउंटीतले केंद्र चुकवू नये. मतदार म्हणून नाव नोंदवले एवढ्यावरून जमीनमालकांनी हाकललेली कुळे जिथे तंबूत राहिली, ती ही जागा. गावगाड्यातला बहिष्कार ठाऊक असलेल्या मराठी माणसाला इथे फार समजावून सांगावे लागत नाही.

बर्मिंगहॅममध्ये १६व्या रस्त्यावरचे कृष्णवर्णीयांचे बाप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ ला तिथे बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या आणि एक ११. तीन आरोपींना शिक्षा झाली ती १९७७, २००१ आणि २००२ मध्ये. चर्च आतून पाहायला आधी नोंदणी करावी लागते.

आता बोलण्याविषयी, कारण खरी गडबड तिथे होते. मार्गदर्शकांत आणि चर्चच्या स्वयंसेवकांत सत्तरी ओलांडलेली माणसे भेटतात. १९६३ साली ती शाळकरी मुले होती. त्यांना आपले लोक हमखास विचारतात, ‘आता परिस्थिती सुधारली ना?’ यावर समोरचा पाहुण्याचा मान राखून ‘हो, बरीच’ म्हणतो आणि विषय मिटतो. त्याऐवजी पत्ता आणि साल विचारावे. तुम्ही कोणत्या गल्लीत राहत होता? शाळा कोणती? वर्गात पहिला गोरा मुलगा कधी आला? आईने मतदान प्रथम कधी केले? असे प्रश्न विचारले की माणूस मोकळा होतो. ‘आम्हीही इंग्रजांची गुलामी सोसली’ हे वाक्य मात्र गिळावे. ते खोटे नाही, पण तिथे ते ऐकणाऱ्याचे बोलणे बंद करते.

आणि प्रश्न उलटून येतो. कधी मार्गदर्शकाकडून, बहुतेक वेळा गाडीत मागे बसलेल्या नातवंडाकडून: ‘आपल्याकडे जातीचे काय होते?’ या बाबतीत खुद्द किंग यांचा अनुभव सांगण्याजोगा आहे. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते महिनाभर भारतात होते. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात होता. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांसमोर त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य बंधू अशी करून दिली. किंग आधी चमकले, मनातून दुखावलेही. मग त्यांना वाटले, माझ्या दोन कोटी बांधवांची दशा पाहता हे खरेच आहे. १९६५ मध्ये एका प्रवचनात त्यांनी हे स्वतः सांगितले.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेवरून. हे सगळे नातवंडांना सांगावे, पण त्याच्या आड लपू नये. ‘आमच्या घरी जातपात कधीच नव्हती’ हे उत्तर वरच्या ‘सुधारली ना?’ च्याच जातकुळीचे आहे. इथेही पत्ता आणि साल सांगावे: गावात पाणवठे किती होते, कोण कुठल्या वस्तीत राहायचे, अंगणात वेगळी ठेवलेली कपबशी कोणासाठी होती, कोणत्या सालापर्यंत होती. मुले यावर चिडत नाहीत. ती आणखी विचारतात, आणि तिथे वडीलधाऱ्यांना पहिल्यांदाच आठवून बघावे लागते.

मराठी सहल कंपन्यांनी पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्याला हे चार दिवस जोडून पाहावेत. मॉन्टगोमेरीत दोन रात्री, बर्मिंगहॅमला एक, आणि जेवणाची एक वेळ सेल्मात, कारण २०२३ च्या टॉर्नेडोने (भोवऱ्यासारख्या वादळाने) आधीच खचलेल्या त्या गावात पाहुणे येतात, पूल बघतात आणि पैसा न सोडता निघून जातात. स्थानिक मार्गदर्शक घ्यावा, त्याची बिदागी पाकिटात आधीच वेगळी काढून ठेवावी. अलाबामाचे घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असते. जाताना तो तास मिळतो, येताना जातो. परतीचे विमान अटलांटाहून असेल तर तेवढे धरूनच बर्मिंगहॅम सोडावे.

– एक वाचक, पुणे