छोटूला आळशी म्हणू नका

आई बाबा, सा. न.

परवा फोनवर आई तू म्हणालीस ना की छोटू हल्ली आळशी झालाय, ऑफिसातून आला की कोणाशी बोलत नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळतो आणि काही विचारलं की खेकसतो, ते ऐकल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. गेल्या वर्षी मी अगदी तशीच झाले होते. तुम्हाला सांगितलं नाही, इतक्या लांबून जिवाला घोर नको म्हणून. "सगळं मस्त चाललंय" म्हणायचे आणि फोन ठेवला की रडायचे.

रोज दहा-अकरा तास बसायचे पण काम व्हायचं जेमतेम तीन तासांचं, एकच मेल चार चारदा वाचला तरी डोक्यात शिरायचा नाही, मग चुका, मग त्या निस्तरायला अजून उशिरापर्यंत थांबा. याला प्रेझेंटीइझम म्हणतात, माणूस खुर्चीत असतो पण काम करायच्या अवस्थेत नसतो. रजा निदान हजेरीत तरी दिसते, हे कुणाला दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने डिप्रेशन आणि एन्झायटीपायी जगात दरवर्षी १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. आणि बर्नआउटची जी लक्षणं त्यांनी २०१९ मध्ये सांगितली, अंगातली ताकद संपणं, कामावरून मन उडणं, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं, ती वाचताना मला वाटलं हे माझ्याबद्दलच लिहिलंय. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच सांभाळला गेला नाही की हे होतं असं म्हटलंय.

कंपनीने आधी मेडिटेशनचं अ‍ॅप दिलं. महिनाभर रोज केलं मी, पण डोळे उघडले की कामाचा ढीग तेवढाच. शेवटी मॅनेजरशी बोलले, हात थरथरत होते माझे. तीनपैकी एक प्रोजेक्ट काढून घेतला, रात्रीचे मेसेज बंद झाले आणि कुठलं काम आधी करायचं ते मी ठरवू लागले. या शेवटच्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला. काउन्सेलर म्हणाल्या, रॉबर्ट करासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्येच मांडलंय की काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा नाही, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते. आता मी वेळेवर घरी येते आणि काम आधीपेक्षा जास्त होतं, खरंच.

बाबा, तुम्ही म्हणाल नोकरी म्हटली की ताण आलाच. मान्य, पण तो संध्याकाळी उतरायला हवा ना, छोटूचा रविवारीसुद्धा उतरत नाहीये. त्याला इतरांची उदाहरणं देऊ नका, काय काय काम अंगावर आहे एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. झोप लागते का तेही विचारा. शनिवारी मी त्याला फोन करतेय, माझं सगळं सांगणार आहे. डॉक्टरकडे जायला तयार झाला तर आई, तू सोबत जाशील ना?

तुमची,
ताई