चावडीतल्या शिळेसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची मंडळी, आजी-माजी सैनिक आणि सासरी नांदणाऱ्या लेकींनो,

सप्रेम नमस्कार.

चावडीचं जुनं बांधकाम उतरवायचं ठरलं आहे, हे कानावर आलंच असेल. तिच्या दर्शनी भिंतीत इंग्रजी अक्षरांची एक शिळा आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यांतली इतकी कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलेलं आहे. सातारा जिल्ह्यात बऱ्याच गावांत अशा शिळा आहेत. आपल्या शिळेला दर पंधरा ऑगस्टला भिंतीबरोबर ऑइलपेंटचा हात मिळत गेला, त्यामुळे आकडेही आता बोटांनी चाचपून वाचावे लागतात. ती अखंड काढायची, जाणकाराकडून रंग सोडवून घ्यायचा आणि वाचनालयाच्या ओट्यावर बसवायची, शिवाय शेजारी गेलेल्यांच्या नावांची दुसरी शिळा उभी करायची, असं ग्रामसभेत ठरलं आहे. पैसे लागणारच आहेत, पण आधी नावं हवीत.

इंग्लंडनं ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानही त्यात ओढला गेला. इथल्या माणसांना विचारायचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबरात सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. १०३ वी आणि ११० वी मागोमाग गेल्या. बगदादच्या रोखानं निघालेली ही फौज पुढच्या वर्षी मागं हटली, इराकमध्ये कुत-अल-अमारात जर्मनीच्या बाजूच्या तुर्कांकडून कोंडली गेली आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. दाणागोटा संपत आल्यावर घोडी कापायची वेळ आली, तेव्हा हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी कित्येक दिवस त्या मांसाला हात लावला नाही. पुढं कैद्यांना उन्हातून वाळवंट तुडवत नेलं. कितीतरी जण वाटेतच गेले.

इकडं घरी कापड, रॉकेल, मीठ सगळंच महागलं. चांदीची टंचाई झाली म्हणून सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली. रुपया वाजवून घेणाऱ्या बायाबापड्यांनी त्या कागदाकडे कसं पाहिलं असेल, ते सांगायला नको. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचं बोलायला लागताच गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवलं. माणसं हवी होती, त्यांचं म्हणणं नको होतं. त्याच महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझा, म्हणजे लोकांच्या तोंडची मानमोडी, शिरला, पावसानं दगा दिला आणि पावसाळ्याच्या शेवटी मानमोडीची दुसरी लाट खेड्यापाड्यांत पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं दगावली. आपल्या गावातली शिपायांची नावं हरवली त्यामागं हेही एक कारण असावं, कारण आठवण ठेवणारी घरंच्या घरं त्या साथीत बसली.

सरकारनं तरी कुठं लिहून ठेवली? इराकमध्ये बसऱ्याला जे मोठं स्मारक उभारलं, त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा टाकला. तिथंही आकडा, चावडीतही आकडा.

तरी घरोघरी काही ना काही असेलच. माळ्यावरच्या ट्रंका, फडताळं, देव्हारे बघा. पदक सापडलं तर त्याची कड निरखा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथंच बारीक अक्षरांत असते. मेहेरबानी करून चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, अक्षरं पुसट होतात. तळहातापेक्षा मोठी, गोल, काळपट पडलेली ब्राँझची तबकडी दिसली, तिच्यावर हातात पानांचं कडं धरलेली बाई आणि पायाशी सिंह असला, तर ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली आहे. नाव तिच्यावरच उठवलेलं असतं. कुणी देवीचा टाक समजून तिला आजवर हळदकुंकूही वाहिलं असेल. वाहत राहा, आम्हाला फक्त फोटो काढू द्या. पेन्शनची पुस्तकं, डिस्चार्जचा कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, जुनी पत्रं, काहीही चालेल. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नावं एकाच आळीची नकोत. १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर सरकारनं ती मोडली. तिच्यात आपल्याकडचं कुणी होतं का, हे शोधायचं आहे. भिस्ती, धोबी, खेचरवाले, हमाल म्हणून गेलेल्यांनी बंदूक धरली नसेल, पण तेही त्याच वाळवंटात होते. पेन्शनीच्या कागदावर बायकोचं किंवा आईचं नाव असेल तर तेही कळवा. शिपायाच्या नावाखाली ते कोरावं, असं आम्हा काहींचं मत आहे. ग्रामसभेत यावर वाद होईल, होऊ द्या.

आता पैशाचं. शिळा काढणं, साफ करणं, नवा दगड, कोरणावळ आणि ओट्यावर छप्पर, एवढा खर्च आहे. त्याचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं आहे. यथाशक्ती द्या, पावती घेतल्याशिवाय देऊ नका. रोकड जमत नसेल तर वाळू, खडी, ट्रॅक्टरची एखादी खेप किंवा गवंड्याच्या हाताखाली दिवसभराचं काम चालेल. देणगीदारांची नावं मात्र शिळेवर येणार नाहीत, रक्कम कितीही असो. ती वाचनालयाच्या वहीत राहतील. देवळाच्या पायरीपायरीवर आपली नावं आहेतच.

मुंबईकरांनी यात्रेला येताना कागद बरोबर आणावेत. यात्रेचे दोन्ही दिवस वाचनालय सकाळपासून उघडं राहील, एरवी संध्याकाळी दिवेलागणीनंतर. यात्रेपर्यंत आलेली नावं फलकावर लावू, चूक असेल तर तिथंच सांगा, म्हणजे दगडावर घालण्याआधी दुरुस्त करता येईल.

आपले नम्र,
ग्रामपंचायत व सार्वजनिक वाचनालय